बाण शेपूट हलवत जातोय? नवा सेट घेण्याआधी एवढं तपासा

तिरंदाजीत बाण सरळ न जाता नाचत गेला तर काय तपासायचं, ते लिहिते. आधी लक्षणं सांगते.

• सुटल्यावर बाणाची शेपटी डावी-उजवीकडे हलत जाते, पाण्यात मासा जातो तशी.
• किंवा शेपटी वर-खाली होत राहते आणि बाण उड्या मारत गेल्यासारखा दिसतो.
• १८ मीटरवर ग्रुप, म्हणजे लागलेल्या बाणांचा झुबका, मुठीत मावेल एवढा, पण ५० मीटरला तोच ग्रुप फेसभर, म्हणजे निशाणाच्या कागदभर, पसरतो. अंतर तिप्पट झालं तर ग्रुपही साधारण तिप्पट होणारच. त्याहून पुष्कळ जास्त फाकला, तर बाण हवेत भटकतोय.
• अकरा बाण एका जागी लागतात आणि एक ठरावीक बाण दर वेळी बाहेर जातो.
• सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो, रेस्टची (बाण टेकतो त्या आधाराची) तार सारखी वाकते, किंवा दर वेळी शेपटीचं एकच पीस फाटतं.

बटमध्ये, म्हणजे फेसमागच्या गवताच्या गादीत, बाण तिरका रुतला, एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका. गवताची जुनी बट बाणाला हवा तसा वळवते. बाण सुटल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये थोडा लवलवतो, तोही दोष नाही. बोटांनी दोरी सोडताना ती किंचित बाजूला सरकते, त्यामुळे बाण वाकतो आणि रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या दांड्याला, वळसा घालून निघतो. ही लवलव लगेच विरायला हवी. बटपर्यंत चालू राहिली तरच पुढचं वाचा.

मी कोच नाही. मुलगी सातवीत रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य) मारायला लागली, तिचे बाण घरी दुरुस्त करायला शिकले, आणि हळूहळू मैदानावरच्या इतर मुलांचे बाणही माझ्या डब्यात येऊ लागले. आमचा जिल्हा सातारा. सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेले, २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत कंपाउंडचे (चाकांच्या धनुष्याचे) जगज्जेते झाले, आणि तेव्हापासून इथल्या आईवडिलांना हा खेळ आपल्या मुलांचाही वाटू लागला. मुलं खूप आली. सामान मात्र तेवढं नसतं. एकाचा सेट दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, असा फिरतो. म्हणून ‘काकू, माझा बाण नाचतोय’ ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. तक्रार आली की घरच्यांना दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर सेट बदला, नाही तर मुलाचा रिलीज, म्हणजे दोरी सोडायची पद्धत, खराब आहे. पहिल्या उत्तरात वडिलांचा महिन्याचा पगार जातो आणि दुसऱ्यात मुलाचा आत्मविश्वास. दोन्ही उत्तरं देण्याआधी पुढच्या गोष्टी ह्याच क्रमाने बघा. फुकटच्या आधी आहेत, खर्चाच्या शेवटी.

खाली लिहिलेलं सगळं रिकर्व्हबद्दल आहे आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

एक बाण की सगळे?

प्रत्येक शाफ्टवर (बाणाच्या दांडीवर) मार्करने नंबर घाला. सहा-सहा बाणांच्या पाच फेऱ्या मारा आणि वहीत फेसचं चित्र काढून प्रत्येक नंबर कुठे लागला ते लिहा. ५ नंबर दर वेळी खाली-डावीकडे जात असेल, तर दोष त्या बाणात आहे. सगळेच विखुरले असतील तर दोष धनुष्यात, बाणांच्या निवडीत किंवा मारणाऱ्यात आहे. एवढं कळलं की निम्मं काम झालं. हे न करता प्लंजरला, म्हणजे बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाला, हात लावणारी मुलं मी बघते, आणि एका वाकड्या बाणापायी चांगलं लागलेलं धनुष्य बिघडवून बसतात.

मोबाइलच्या स्लो मोशनचाही उपयोग होतो. मारणाऱ्याच्या बरोबर मागे उभं राहून शूट करा, म्हणजे शेपटी आडवी हलते की उभी ते दिसतं. शूटिंग लाइनच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, व्हिडिओसाठी तर नाहीच.

वाकवून ऐका

कार्बनचा बाण दोन टोकांना धरून, तोंडापासून लांब ठेवून, हलकेच वाकवा. थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. करकर ऐकू आली, बोटाला खरखर लागली किंवा केसासारखी रेघ दिसली, तर तो बाण तिथेच मोडून टाका. ‘सरावाला चालेल’ म्हणून कुणालाही देऊ नका. तडकलेला कार्बन सुटताना फुटला की त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. ही तपासणी उड्डाण सुधारण्यासाठी नसून हात शाबूत राहण्यासाठी आहे. बटच्या चौकटीवर किंवा दुसऱ्या बाणावर आपटलेला प्रत्येक बाण पुन्हा मारण्याआधी वाकवून बघा.

नॉक

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा दोष सापडला तो इथे, शेपटीच्या टोकाला दोरीत अडकणाऱ्या काही रुपयांच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात. धनुष्याची सगळी ताकद बाणात शिरते ती ह्याच खाचेतून. खाचेचा एक कान जरी दुसऱ्यापेक्षा ढिला असला तरी शेपटीला बाजूने धक्का बसतो.

नॉक उजेडात धरून बघा. मुळाशी पांढुरकी रेघ दिसली की नॉक फेकायचा. मग पिसांच्या हिशोबाने नॉक सरळ बसलाय का ते बघा, कारण बाण बटमधून ओढताना तो फिरतो. त्यानंतर दोरीवरची पकड तपासा. धनुष्य आडवं धरून बाण दोरीला खाली लोंबकळत ठेवा. बाण आपोआप पडायला नको, पण नॉकजवळ दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटायला हवा. दोन-तीन जोरदार टिचक्यांनीही सुटत नसेल तर नॉक घट्ट आहे.

एक मुलगी जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी रडत आली होती. सगळे बाण वर-खाली उड्या मारत होते, आदल्या महिन्यात असं काहीच नव्हतं. तिने रेस्ट बदलली होती, प्लंजर फिरवला होता, नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक लावायची खूण) दोनदा हलवला होता. मी टिचकी मारली तर बाण दोरीला चिकटून बसलेला. मधली सर्व्हिंग, म्हणजे दोरीवर गुंडाळलेला दोरा, उसवली म्हणून घरी नवीन गुंडाळली होती, आणि तो दोरा आधीच्यापेक्षा जाड होता. सर्व्हिंग उलगडून पातळ दोऱ्याने पुन्हा गुंडाळली. मग तिने बदललेलं सगळं एकेक करून मागे नेलं, त्यात मात्र दोन संध्याकाळी गेल्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, हे मी मुलांना सारखं सांगते ते ह्याच कारणासाठी.

पिसं आणि घासणं

सुटलेलं, मुडपलेलं पीस डोळ्यांना दिसतंच, ते बदला. न दिसणारी गोष्ट म्हणजे जाताना पीस कशाला घासतंय का. बेबी पावडर घ्या, रेस्टवर आणि रायझरच्या आतल्या बाजूला हलकी भुरभुरवा, आणि एक बाण मारा. पावडरीत रेघ उठली तर तिथे स्पर्श होतोय. नॉक थोडा थोडा फिरवून पुन्हा मारा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटका होते. नाही झाली तर रेस्टची तार प्लंजरच्या बाहेर किती डोकावते ते बघा. वरून पाहिल्यावर ती बाणाच्या कडेच्या बाहेर दिसता कामा नये.

ही पायरी गाळून बेअर शाफ्ट (बिनपिसांचा बाण, त्याची चाचणी पुढे आहे) मारू नका. घासणारा बाण चाचणीत खोटं उत्तर देतो.

सरळपणा आणि पॉइंट

दोन नखांच्या खोबणीत शाफ्ट ठेवून फुंकर मारून किंवा बोटाने फिरवा. सरळ बाण गुळगुळीत फिरतो, वाकडा नखांवर थरथरतो. अ‍ॅल्युमिनियमचे बाण वाकून तसेच राहतात, कार्बनचे वाकलेले राहत नाहीत पण तडकतात. पॉइंट, म्हणजे पुढचं टोक, टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवला की पॉइंट तिरका बसलाय का तेही कळतं.

उन्हाळ्यात एक गोष्ट हमखास होते. एप्रिलमध्ये बाणांची नळी बंद गाडीत राहते, पॉइंट धरून ठेवणारा हॉट मेल्ट गोंद मऊ पडतो, आणि पॉइंट बटमध्येच राहतो किंवा अर्धवट बाहेर सरकतो. दोन-तीन मिलिमीटर सरकलेला पॉइंट पटकन दिसत नाही. पुन्हा बसवताना कार्बन शाफ्टला ज्योत लावू नका. पॉइंट पक्कडीत धरून त्याची फक्त आत जाणारी दांडी गरम करा, गोंद लावा, फिरवत आत घाला.

वजन आणि तोल

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ओळखीच्या सोनाराकडेही सेट मोजून घेता येतो, मी पहिली दोन वर्षं तेच केलं. बाणांच्या जगात वजन ग्रेनमध्ये बोलतात, १ ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन. एका सेटमधल्या बाणांत पाव ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर ते बाण वेगळे काढते. हलका बाण जरा वेगाने जातो आणि लांब अंतरावर वर लागतो, १८ मीटरवर हा फरक कळतही नाही. हातोहात फिरलेल्या सेटमध्ये तर दोन वेगळ्या वजनांचे पॉइंट मिसळलेले सर्रास सापडतात.

मग तोल. बाण पट्टीच्या कडेवर आडवा ठेवा आणि समतोल राहतो तिथे खूण करा. नॉकच्या खाचेपासून ती खूण किती लांब आहे ते मोजा. खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबीही मोजा, त्यात पॉइंटचा बाहेरचा भाग धरायचा नाही. खूण मध्यापासून किती पुढे आहे, त्याला लांबीने भागून शंभराने गुणायचं.

उदाहरण देते. लांबी ७२ सेंमी, मध्य ३६ वर, तोल ४०.३ वर. फरक ४.३, म्हणजे जेमतेम ६ टक्के. असा बाण पुढून हलका असतो. शेपटीची पिसं त्याला सरळ करायला धडपडतात आणि वाऱ्यात तो भरकटतो. १८ ग्रॅमच्या ह्या बाणाला २ ग्रॅम जास्त वजनाचा पॉइंट लावला तर तोल सुमारे ४३.४ वर जातो, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास. मैदानी रिकर्व्हला १० ते १५ टक्के मला बरं वाटतं. पण पॉइंट जड केला की सुटताना बाण जास्त वाकतो, म्हणजे तो मऊ असल्यासारखा वागतो. त्यामुळे तोल बदलला की पुढची बेअर शाफ्ट चाचणी पुन्हा करावीच लागते.

परदेशातले व्हिडिओ बघून मुलं विचारतात, ‘काकू, ते तर १५-२० टक्के ठेवा म्हणतात.’ ते बहुतेक शिकारीच्या बाणांबद्दल बोलत असतात. तिकडच्या बाणाला पुढे रुंद पाती असतात, ती पुढच्या टोकाला पंखांसारखी वारा पकडतात, म्हणून नाक जड आणि पिसं मोठी लागतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि आपला बाण गवताच्या बटसाठी आहे. तोल मोजायची रीत तीच, आकडे मात्र तिथले उचलू नका.

धनुष्यावरची दोन मापं

ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेली दोरी ग्रिपपासून किती लांब आहे ते माप. ६८ इंची धनुष्याला २१.५ ते २२ सेंमीपासून सुरुवात करा. दोरी ताणली गेली की हे माप कमी होतं, नव्या दोरीचं तर पहिल्या आठवड्यातच. दोरीला पीळ वाढवला की माप वाढतं. रोज बाण मारण्याआधी मोजा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरं माप नॉकिंग पॉइंटचं. बो स्क्वेअर (दोरीला लावायची काटकोनी पट्टी) लावून तो काटकोनाच्या रेषेहून साधारण ८ ते १२ मिलिमीटर वर आहे का ते बघा. दोऱ्याचा नॉकिंग पॉइंट वापरून वापरून सरकतो आणि मुलांना पत्ता लागत नाही.

बेअर शाफ्ट

इथवर सगळं ठीक असूनही बाण नाचत असेल, तरच ही चाचणी करा. बिनपिसांचा बाण खोटं बोलत नाही, कारण चूक झाकायला त्याच्याकडे पिसंच नसतात. त्याच सेटमधले दोन बाण घ्या, पिसं काढा, आणि पिसांच्या वजनाइतकी टेप शेपटीला गुंडाळा. टेप नाही लावली तर तोल पुढे सरकतो आणि उत्तर बदलतं.

आधी १० मीटरवर, मोठ्या बटवर मारा. बेअर शाफ्ट कुठेही जाऊ शकतो आणि तिरका लागून मोडूही शकतो. दिशा समजली की १८ मीटरवर या. पिसांचे चार आणि बिनपिसांचे दोन बाण मारा. पिसांच्या बाणांचा ग्रुप जमत नसेल तर त्या दिवशी चाचणी सोडून द्या.

वर-खालीचा हिशोब आधी. बेअर शाफ्ट पिसांच्या बाणांच्या वर लागला, तर शेपटी खाली राहिली आणि नाक वर गेलं, म्हणून नॉकिंग पॉइंट वर न्या. खाली लागला तर खाली आणा. एका वेळी एक मिलिमीटर पुरे.

मग डावं-उजवं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बेअर शाफ्ट डावीकडे लागला तर बाण धनुष्याला कडक पडतोय, उजवीकडे लागला तर मऊ. डावीकडे असेल तर प्लंजरची स्प्रिंग पाव फेरी सैल करा, उजवीकडे असेल तर पाव फेरी घट्ट. त्याआधी मागून दोरी लिंबच्या (धनुष्याच्या लवचीक पात्याच्या) मध्यावर धरून बघा, पॉइंट दोरीच्या किंचित डावीकडे दिसायला हवा.

१८ मीटरवर बेअर शाफ्ट ग्रुपच्या वितभर आत आला की मी नवशिक्याला तिथेच थांबवते. राज्य पातळीवरच्या मुलांना तो ग्रुपला चिकटलेला हवा असतो, ती वेगळी मेहनत आहे. हातभर बाजूला जात असेल तर प्लंजरने ते भरून निघणार नाही. बाणच चुकीचा आहे.

बाण चुकीचा, म्हणजे काय

शाफ्टवर ५००, ७००, ९०० असे आकडे असतात, तो स्पाइन. २८ इंचांवर दोन टेकू देऊन शाफ्टच्या मधोमध ८८० ग्रॅमचं वजन लावलं की तो किती वाकतो, हे इंचाच्या हजाराव्या भागात सांगणारा हा आकडा. ५०० म्हणजे अर्धा इंच वाकला, १००० म्हणजे पूर्ण इंच. त्यामुळे आकडा मोठा तितका बाण मऊ. हे उलट समजून चुकीचा डझन मागवणारे पालक मी बघितलेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

वाढत्या वयात बाण आपोआप चुकीचा होत जातो. मूल उंच झालं की ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढण्याचं अंतर, वाढते, आणि दोरी एक इंच जास्त ओढली की बोटांवर साधारण दोन पौंड जास्त येतात. त्यात कोचने लिंबही जड दिले की गेल्या वर्षी बरोबर असलेला बाण यंदा मऊ पडतो. सुट्टीनंतर अचानक बिघडलेल्या मुलांमध्ये मी आधी उंची विचारते. अशा वेळी मुलाला ‘तुझा हात बिघडलाय’ असं कृपा करून सांगू नका.

बाण आखूड केला की कडक होतो, पॉइंट हलका केला तरी कडक वागतो. लिंब बोल्टने (लिंब धरणाऱ्या स्क्रूने) पौंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, थोडं खाली आणलं तरी मऊ बाणाला मदत होते. यातलं पॉइंट बदलणं तेवढं घरी करा. बाकीचं पुढे लिहिते त्यांच्याकडे न्या.

इथे थांबा

शाफ्ट कापायचा असेल तर थांबा. कापलेला बाण परत लांब होत नाही, आणि कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची वस्तू नाही. चकतीची करवत आणि मास्क असलेल्या तंत्रज्ञाकडेच कापून घ्या.

पूर्ण ओढल्यावर पॉइंट प्लंजरच्या जवळ येत असेल तर तो बाण आजपासून बंद. तो रेस्टवरून आत घसरला आणि तेव्हाच सुटला, तर थेट हातात जातो. इथे जुळवाजुळव नाही, लांब बाणच हवेत.

लिंबला भेग, उललेला थर किंवा पीळ दिसला तर दोरी चढवू नका. लिंब बोल्ट किती फेऱ्या सैल करता येतो ते उत्पादकाच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका नसेल तर हात लावू नका. कंपाउंड असेल तर दोरी, केबल, कॅम (चाकं) ह्यातलं काहीही बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) घरी उघडू नका.

दोन-तीन दिवस चाचणी करूनही बेअर शाफ्ट कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी खाली जात असेल, तर सामान बाजूला ठेवा आणि कोचला बोलवा. तिथे रिलीज किंवा धनुष्य धरायचा हात दर वेळी बदलतोय, आणि कोणताही स्क्रू ते दुरुस्त करणार नाही. मूल खांदा दुखतो म्हणत असेल तर चाचणीसुद्धा करू नका. आधी डॉक्टर.

तंत्रज्ञाकडे जाताना धनुष्य, सगळे बाण आणि दोन्ही बेअर शाफ्ट न्या. वहीत ड्रॉ लेंथ, बोटांवर येणारं पौंडेज, बाणाची लांबी, स्पाइन, पॉइंटचं वजन, ब्रेस हाइट आणि बेअर शाफ्ट कुठे लागला त्याचं चित्र असू द्या. आणि मुलाला सोबत न्या. ड्रॉ लेंथ त्याची मोजायची आहे.